तुमचं ऑनसाईट पक्कं... आणि ब्रूनोचं?

परदेशातली नोकरी, व्हिसा, तिकीट, सेंड-ऑफ पार्टी... सगळं वेळेत ठरतं. लातूर-नांदेडच्या घरात गेटपाशी बसलेल्या चार पायांच्या मेंबरचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो. आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो!

ऑफर लेटर आलं की घर कामाला लागतं. आई येसराच्या पुड्या बांधायला घेते, बाबा रोज सकाळी पेपरात युरोचा भाव बघतात, आत्या ‘तिकडं थंडी लई असतीय म्हणं’ असं बजावून जाते. बॅगेत तेवीस किलो कसे बसवायचे यावर दोन रात्री खल होतो. मग कुणीतरी सहज विचारतं, ‘अन् ह्याला न्यायलास का?’ ‘ह्या’ला आपण ब्रूनो म्हणू. तुमच्या घरी तो टायगर असेल, मोती असेल किंवा शेरू. आपलं नाव निघाल्याचं कळून तो शेपटी हलवतो, आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

लातूर पॅटर्नने बारावी, पुण्यात इंजिनीअरिंग, हिंजवडीत किंवा हैदराबादच्या हायटेक सिटीत पहिला जॉब, आणि मग ऑनसाईट. आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींचा हा ठरलेला रूट. या रूटवर कुठल्यातरी स्टॉपला कुत्रा चढतो. कधी हट्ट करून आणलेलं लॅबचं पिल्लू, कधी आपणहून ओट्यावर मुक्काम ठोकलेला गल्लीतला गडी. शौकिनांकडे कारवान असतो, लांब पायांचा आणि बारीक कमरेचा. कुत्र्याचं कौतुक आपल्या मातीला नवं नाही. खंडोबासोबत कुत्रा असतोच, आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्या-गाढवांच्या बाजारासोबत श्वान प्रदर्शनही भरतं. नवं आहे ते एवढंच, की आता या गड्याला विमानात बसवायचंय.

बसवता येतं का? येतं. पण त्याचा व्हिसा तुमच्यापेक्षा जास्त वेळ घेतो, आणि तो एजंटला पैसे देऊन लवकर मिळत नाही.

सगळा फंडा रेबीजचा

तिकडच्या एअरपोर्टवरच्या ऑफिसरला ब्रूनो किती गोड आहे, शेकहँड कसा करतो, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला एकच विचारायचं असतं : रेबीज नाही ना? हा आजार एकदा लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कुणालाच सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात. त्यातली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतली, आणि बहुतेक कुत्रा चावल्यामुळे. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया या देशांनी कुत्र्यांमधला रेबीज घालवलाय आणि तो परत येऊ द्यायचा नाही म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेत. भारत त्यांच्या हिशेबात ‘हाय रिस्क’.

जाचक वाटतंय? २०११ संपेपर्यंत भारतातून ब्रिटनला गेलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाईनमध्ये काढावे लागायचे. मालक लंडनमध्ये आणि कुत्रा जाळीमागे! १ जानेवारी २०१२ पासून तिथे रक्ततपासणीचा मार्ग खुला झाला. म्हणजे आजचे नियम ही खरं तर सवलत आहे. फक्त ती घ्यायला आधीपासून तयारी लागते.

चार पायऱ्या, क्रम चुकवायचा नाही

पहिली, मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी. मानेमागे, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली इंजेक्शननेच बसते. त्यात ना बॅटरी, ना जीपीएस. फक्त १५ आकडी नंबर, स्कॅनर फिरवला की दिसणारा. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या स्टँडर्डची चिप मागा, कारण तीच तिकडच्या स्कॅनरला वाचता येते.

दुसरी, रेबीजची लस. चिप बसल्यावर. त्याच दिवशी चालेल, पण आधी चिप, मग लस. इथेच बरेच जण अडकतात. ब्रूनोला दरवर्षी न चुकता लस दिलेली असते, कार्डावर ओळीने स्टिकर असतात, पण चिपच नसते. युरोप आणि ब्रिटनच्या लेखी मग ती लस नेमकी याच कुत्र्याला दिली याचा पुरावा उरत नाही. चिप बसवून लस पुन्हा.

तिसरी, टायटर टेस्ट. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि ज्या देशात जायचंय त्याने मान्य केलेल्या लॅबलाच पाठवायचं. रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडीज किमान ०.५ आययू प्रति मिली भराव्या लागतात. गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट कितीही चकचकीत असला तरी चालत नाही.

चौथी, वाट बघणं. युरोपियन युनियन आणि ब्रिटनसाठी, रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नाही.

आता कॅलेंडर मांडू. १ जूनला चिप आणि लस. १ जुलैला रक्त. सगळं नीट जमलं तर ब्रूनो १ ऑक्टोबरच्या आत निघू शकत नाही. म्हणजे चार महिने तरी गेलेच, आणि अँटिबॉडीज कमी भरल्या तर पुन्हा लस, पुन्हा रक्त. पाच-सहा महिने हाताशी ठेवलेले बरे. तुमचा मॅनेजर मात्र म्हणतो, ‘तीन आठवड्यांत रिपोर्ट करा!’

कुठे चाललात, त्यावर सगळं

अमेरिका : रेबीजचे बनावट कागद वाढले म्हणून २०२१ च्या जुलैत अमेरिकेने भारतासह हाय रिस्क देशांतून कुत्री आणण्यावर तात्पुरती बंदीच घातली होती. १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आहेत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप बसवलेला हवा. भारतातच लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सीडीसीचे फॉर्म, सरकारी पशुवैद्यकाचा सही-शिक्का, आणि ठराविक विमानतळांवरच्या मान्यताप्राप्त ॲनिमल केअर सेंटरमध्ये आधी बुकिंग. न्यूयॉर्कचं जेएफके, अटलांटा, लॉस एंजेलिस अशा मोजक्याच ठिकाणी ही सोय आहे. टायटरचा रिपोर्ट नसेल तर २८ दिवस क्वारंटाईन, तेही तुमच्या खर्चाने.

कॅनडा : घरचा, आठ महिन्यांपेक्षा मोठा कुत्रा मालकासोबत जात असेल तर तुलनेने सोपं. रेबीजचं नीट भरलेलं प्रमाणपत्र मुख्य. विकायला किंवा दत्तक द्यायला हाय रिस्क देशांतून कुत्री आणणं मात्र २८ सप्टेंबर २०२२ पासून बंद आहे.

जपान : दोनदा लस, मग टायटर, मग १८० दिवसांची वाट, आणि पोहोचायच्या ४० दिवस आधी सूचना. दिवस कमी पडले तर उरलेले क्वारंटाईनमध्ये.

ऑस्ट्रेलिया : सगळ्यात अवघड. भारतातून थेट कुत्रा घेतच नाहीत. मान्य यादीतल्या दुसऱ्या देशातून तयारी करून जावं लागतं, आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात क्वारंटाईन. दोन वर्षांचाच प्रोजेक्ट असेल तर हा हिशेब बहुतेकांना परवडत नाही.

नियम मधूनमधून बदलतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी त्या देशाची सरकारी साईट स्वतः वाचा. ‘मित्राने गेल्या वर्षी नेला होता’ हा पुरावा नव्हे.

‘मी पुढे जातो, तो मागून येईल’

फ्लॅट बघायचा, सेटल व्हायचं, मग दोन-तीन महिन्यांनी ब्रूनोला बोलवायचं, असा प्लॅन बहुतेक जण करतात. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण युरोप आणि ब्रिटनच्या नियमात मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो. फरक त्याहून मोठा असेल तर तो ‘घरचा कुत्रा’ म्हणून जात नाही, व्यापारी माल म्हणून जातो आणि कागदपत्रांचा वेगळाच डोंगर उभा राहतो. ‘आई-बाबा व्हिजिटला येताना आणतील’ हा प्लॅनही त्यामुळेच गडगडतो. बरा मार्ग म्हणजे आधी आपण जायचं, इकडे घरच्यांनी रक्त आणि वाट बघण्याचे महिने पार पाडायचे, आणि दिवाळीच्या सुट्टीला येऊन परत जाताना त्याला सोबत न्यायचं.

नांदेड ते विमानतळ

देश सोडताना भारत सरकारचंही हेल्थ सर्टिफिकेट लागतं. ते देते ॲनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, म्हणजे एक्यूसीएस. केंद्रं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबादला. मराठवाड्यात एकही नाही. युरोपसाठीचं सर्टिफिकेट पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलं लागतं, त्यामुळे हा प्रवास अगदी शेवटच्या आठवड्यात पडतो.

आपली पोरं सवयीने मुंबईचं तिकीट काढतात. पण नकाशा बघा. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या जवळजवळ दुप्पट. लातूरहूनही हैदराबादच जवळ. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या जिल्ह्यांची ही जुनी वाट ब्रूनोच्या कामाला येईल! फक्त आधी एअरलाईनला विचारा, की हैदराबादहून तुमच्या देशापर्यंत कुत्रा घेणार का. ती नाही म्हणाली तर मुंबई आहेच.

रेल्वेने जायचं तर नियम माहीत असू द्या. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच मोठा कुत्रा तुमच्यासोबत. स्लीपर किंवा थ्री टायरमध्ये चालत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स, ज्यात आठ-दहा तास एकटा ठेवायला आपलंच मन धजत नाही. घरची किंवा भाड्याची गाडी, रात्रीचा प्रवास, दर दोन तासांनी पाणी आणि एक फेरी, हे सगळ्यात बरं. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात दुपारी बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडायचं नाही.

पशुवैद्यकाचा सल्ला मात्र आपल्याकडे जवळ मिळतो. उदगीर आणि परभणी, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिप आणि टायटरचं काम नेहमी करणारे डॉक्टर कुठे आहेत, हे तिथल्या लोकांना विचारून घ्या.

तीस किलोचा कुत्रा, चौऱ्याऐंशी किलोचं बिल

खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटतो, तो का हे समजून घ्या. कार्गोमध्ये पैसे फक्त वजनाचे लागत नाहीत, जागेचेही लागतात. पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ६००० ने भागायचं. लॅबसाठी १०० बाय ६७ बाय ७५ चा पिंजरा धरला तर येतात ८४ किलो. म्हणजे ३० किलोच्या ब्रूनोचं बिल ८४ किलोचं! त्यात चिप, टेस्ट, एजंट, सर्टिफिकेट मिळवा. मोठ्या कुत्र्याचा खर्च सहज लाखांत जातो आणि तुमच्या इकॉनॉमी तिकिटाला मागे टाकतो. कंपनीच्या रिलोकेशन पॅकेजमध्ये बायको, नवरा, मुलं असतात, कुत्रा क्वचितच. एचआरला विचारायला मात्र पैसे पडत नाहीत.

पैसे वाचवायला लहान पिंजरा घेऊ नका. त्यात कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. विमान कंपन्या हे मोजून बघतात आणि बसत नसेल तर काउंटरवरून परत पाठवतात. पिंजरा दोन-तीन महिने आधी आणा, दार उघडं ठेवा आणि दूध-भाकरी त्यातच द्या. निघायच्या दिवसापर्यंत त्याला ती आपली खोली वाटायला हवी. झोपेचं औषध देऊन पाठवायचा विचार सोडा. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि एअरलाईन्स गुंगीतला कुत्रा सहसा घेत नाहीत.

आणि घरात पग असेल तर? २००३ मधली हचची जाहिरात आठवतेय ना? पोराच्या मागे-मागे जाणारं ते चपट्या नाकाचं पिल्लू बघून गावोगावी पग आले. त्या नाकाचाच विमानात घोळ होतो. अशा कुत्र्यांना उष्णता आणि ताण सहन होत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यांना कार्गोत घ्यायला नकार देतात.

तिकडे गेल्यावर

विमान उतरलं म्हणजे जिंकलं, असं नाही. जर्मनीत कुत्र्यावर टॅक्स आहे. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचे वर्षाला १२० युरो. सिंगापूरच्या सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये ठरलेल्या यादीतल्या लहान जातीचा एकच कुत्रा चालतो, त्यामुळे लॅबसाठी महागडा प्रायव्हेट काँडो शोधावा लागतो. स्वीडनमध्ये तर दिवसा किमान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर काढावं लागतं, नियमच आहे. नऊ तासांची शिफ्ट आणि एक तासाचा प्रवास करणाऱ्याने हे गणित कसं सोडवायचं? डे केअर लावायचं. ते तिकडच्या पगारालाही जड जातं.

आता ब्रूनोच्या बाजूने बघा. इकडे अंगण, गेट, दूधवाल्यावर भुंकायची ड्युटी, दिवसभर घरात कुणी ना कुणी. येळवशीला सगळ्यांसोबत शेतावर. तिकडे चौथ्या मजल्यावरची एक खोली, उणे पाच तापमान आणि रात्री आठला घरी येणारा एकच माणूस. तो माणूस त्याचं सर्वस्व असेल, तर त्याला हेही चालतं. कुत्री जागेपेक्षा माणसाला धरून राहतात, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण त्याचा माणूस नक्की कोण आहे?

हा प्रश्न जरा टोचतो. पिल्लू तुम्ही आणलं, खरं. पण तुम्ही पुण्याला गेलात, मग हैदराबादला. गेली चार वर्षं पहाटे त्याला फिरवणारे बाबा आहेत, आणि ताटातली शेवटची भाकरी त्याच्यासाठी ठेवणारी आई आहे. मुलं बाहेर पडलेल्या त्या घरात कितीतरी बाबांचं मॉर्निंग वॉक कुत्र्यामुळे टिकून असतं. ‘माझा कुत्रा मी नेणार’ म्हणून तुम्ही त्याला घेऊन गेलात, तर त्या घरातून दोघं जण गेलेले असतात.

म्हणून न्यायचा की ठेवायचा याचं एकच उत्तर नाही. तरुण आहे, तब्येत ठणठणीत आहे, तुमच्यासोबतच फ्लॅटवर राहतो, तुम्ही चार-पाच वर्षांसाठी जाताय, तर न्या. त्रास सोसण्यासारखा आहे. दहा-अकरा वर्षांचा आहे, हृदय कमजोर आहे, आई-बाबांना सोडून राहत नाही किंवा तुमचा प्रोजेक्ट वर्षभराचाच आहे, तर ठेवा. त्याच्यावर प्रेम कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ठेवलात तर नीट ठेवा. लशींच्या तारखा तुमच्या फोनमध्ये, डॉक्टरांचा नंबर बाबांच्या, आणि खर्चाचे पैसे दर महिन्याला तुमच्याकडून.

तिसरा पर्याय मात्र पर्याय नाही. निघायच्या आठवड्यात ‘अर्जंट ॲडॉप्शन’ची पोस्ट टाकायची, कुणी मिळालं नाही की शेतावर नाहीतर हायवेच्या ढाब्यावर सोडून यायचं. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक एवढाच असल्याने उरलेली जबाबदारी आपलीच.

आणि परतीचंही बघून ठेवा. कुत्रा भारतात आणतानाही एक्यूसीएसची आगाऊ एनओसी लागते. म्हणून जाताना मिळालेलं सर्टिफिकेट, चिपचा नंबर आणि लशीचं कार्ड तुमच्या डिग्रीच्या फाईलमध्येच ठेवा.

परदेशाचा विचार डोक्यात आला असेल, ऑफर अजून लांब असेल, तरी सुरुवात आत्ताच करता येते. पुढच्या रविवारी घरी गेलात की ब्रूनोचं कार्ड काढून बघा. चिपचा नंबर आहे का, लशीची तारीख त्याच्या नंतरची आहे का. नसेल तर सोमवारी रजा टाका आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे जा. जायचं ठरलं तर चार महिने वाचतील. नाही ठरलं, तरी चिप आणि ताजी लस वाया जात नाही. आणि त्याच संध्याकाळी आई-बाबांना एकदा विचारा, त्यांना काय वाटतं. त्यांना बहुतेक अजून कुणी विचारलेलं नाही.